बारूदवाल्यांची कुका

आमच्या गावात पोर बोलू लागलं की त्याला आधी ‘थांब’ म्हणायला शिकवतात. शोभेच्या दारूकामाचं गाव आमचं, मेक्सिको शहराच्या उत्तरेला. कामाच्या खोल्या निवडुंगांच्या कुंपणांपलीकडे, एकमेकींपासून लांब लांब. उडाली तर एकच उडावी म्हणून. आत हात चालू असले की जो तो मोठ्यानं सांगतो.

“वात कापतोय.”

“ऐकलं.”

“गंधक ओततेय.”

“ऐकलं.”

आणि कुणीही, अगदी नाक पुसायची अक्कल नसलेलं पोरगंही, ‘थांब’ म्हणालं की सगळ्यांचे हात वर. का म्हणालं, ते नंतर विचारायचं. आधी हात.

रेफुहियो सोलानो, म्हणजे आमची कुका, असल्याच खोलीत वाढली. बापानं तिच्यासाठी चक्रं बांधायचं काम राखून ठेवलं होतं. ती गेली डॉक्टर व्हायला, आणि त्यातही भूल द्यायचं शिकायला. चौकात सगळ्यांत मोठ्यानं हसले ते चेंचोकाका. आमच्याकडे जत्रेला चर्चपुढं लाकडाचा उंच ‘किल्ला’ उभा करतात, त्याला मजल्यामजल्यावर पेटती चक्रं, आणि शेंड्याला मुकुट. शेवटी तो मुकुट गरगरत आभाळात उडून जातो. चेंचोकाकांसारखा किल्ला बांधणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता, आणि त्यांच्यासारखं तोंडही.

“सोलान्याची पोरगी, आन लोकांस्नी निजवनार! आमी मरमर करून गाव जागं ठिवायचं, आन ही आंगाई म्हननार!”

“एक दिवस तुम्हालाही निजवीन, काका.”

“मला? तुझ्या बापाला दोन बाटल्यांत जमलं न्हाई ते!”

पुढं काकांच्या खोलीत एक डबा भडकला. जीव वाचला, पण छाती-गळ्याची कातडी भरून येताना दोरखंडासारखी आखडली आणि तिनं हनुवटी ओढून छातीला चिकटवली. तोंड बोटभर उघडायचं. मान वर होईना. घास बारीक करून खायचा, माणसांची पायताणं ओळखून नमस्कार करायचा. ते सगळं काकांनी सोसलं. सोसलं नाही ते एकच. किल्ला ते अजून बांधायचे, पण मुकुट सुटला की त्यांना जमिनीवरचा उजेड तेवढा दिसायचा.

“कसा गेला रं?”

“सरळ गेला, काका!”

“खोटं बोलतायसा. दर साली कुनाचा मुकुट सरळ जात आसतोय व्हय?”

राजधानीत डॉक्टर बार्रागान नावाचे सर्जन ती कातडी सोडवायला तयार होते. अडलं भुलीपाशी. भूल दिली की जीभ-घसा सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. म्हणून श्वासनळीत नळी घालायची. त्यासाठी डोकं मागं करावं लागतं, तोंड उघडावं लागतं. काकांचं दोन्ही होईना. आणि अगदीच गळ्याशी आलं तर समोरून छेद द्यावा म्हटलं, तर गळाच सापडत नव्हता. तिथल्या भूलतज्ज्ञांनी हात लावून बघितला आणि सरळ सांगितलं, आमच्याच्यानं होणार नाही.

तोवर कुका आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात भूल विभागाची मुख्य झाली होती. मी ओटिलिया, तिच्या ऑपरेशनच्या खोलीतली सिस्टर, राहायला काकांच्याच गल्लीत. आम्ही दोघी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

“काका, झोपवणार नाही. जागेपणीच घसा बधिर करून नाकातून नळी घालीन. ती पोचली की मग झोप.”

“जाग्यापनी? मेंढराला सुरी दावून कापत्यात तसं?”

“मेंढराला ‘थांब’ म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. हात वर करा, मी थांबेन.”

काका भुवयांखालून तिच्याकडं बघत राहिले. “डाक्तर लोक थांबत्यात व्हय?”

“डॉक्टरांचं मला माहीत नाही. मी सोलानो आहे.”

“ठरीव मग दिस,” काका म्हणाले.

बार्रागान आमच्याकडे आले. कुकाच्या खोलीत बारूदखान्याचाच कायदा चालतो. नवा माणूस पहिल्या दिवशी हसतो. काकांना टेकून बसवलं होतं. कुका मोठ्यानं म्हणाली, “पहिली वाट नाक. ती अडली तर काका जागे असतानाच डॉक्टर बधिर करून कातडी थोडी कापतील, मान सुटेल, मग नळी. नळी पोचल्याशिवाय झोपेचं औषध कुणी हातात घेणार नाही.”

“ऐकलं,” आम्ही म्हणालो. बार्रागान गालात हसले.

कडू फवारा मारला. “आरं, ह्यापरास बारूद ग्वाड,” काका पुटपुटले. करंगळीहून बारीक दुर्बीण उजव्या नाकपुडीतून आत निघाली. पडद्यावर गुलाबी बोगदा, वळण, आणि मग स्वरतंतूंच्या त्या दोन पांढऱ्या पट्ट्या, दार किलकिलं असावं तशा.

काकांचा हात वर आला.

“दिसतंय की! ढकला, दोन बोटं राहिलीत!” बार्रागान म्हणाले.

“थांब,” कुका म्हणाली. आमचे हात वर. तिनं दुर्बीण अलगद मागं घेतली. ढकलली असती तर गेलीही असती, कदाचित. पण कदाचितवर वात पेटवायची नसते.

“रगात,” काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. “घशात चव लागतीया.”

पडद्यावर तोवर काही नव्हतं. मग वरून लाल थेंब उतरला, त्यामागं दुसरा, आणि बघता बघता भिंगापुढं सगळं लाल झालं. काकांना खोकल्याची उबळ आली. नळी अर्ध्यात असताना ती उबळ आली असती तर काय झालं असतं, ते खोलीत कुणाला सांगायला लागलं नाही. मी रक्त ओढून घेतलं. कुका काकांचा हात धरून नुसती उभी राहिली. वाहायचं थांबलं, श्वास बसला.

“आता डावी बाजू. घालू?”

“घाल. दमानं. म्हातारा मानूस हाय.”

पुन्हा बोगदा, पुन्हा ते दार. दुर्बिणीवरून नळी सरकली.

“काका, मला शिवी द्या.”

काकांचे ओठ हलले. आवाज आला नाही. चेंचोकाका आणि बिनआवाजाचे! पण नळी स्वरतंतूंच्या पार गेली की माणसाचा आवाज जातो. आवाज गेला म्हणजे नळी घरी पोचली. यंत्रावर श्वासाच्या लाटाही उमटू लागल्या.

“झोपवतेय,” कुका म्हणाली.

“ऐकलं!” ह्या खेपेला बार्रागानांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मार्चात संत हुआनची जत्रा आली. तो बारूदवाल्यांचाही राखणदार आणि रोग्यांचाही. जळत्या दवाखान्यातून त्यानं आजारी माणसं पाठीवर वाहून आणली म्हणतात. आम्हाला त्यात नवल वाटत नाही. अंगावर फटाके बांधलेले कागदी बैल पेटून माणसांच्या खांद्यांवरून गल्ल्यांतून गेले, चौकात किल्ला मजल्यामजल्यानं धडधडत वर चढला. काका गळ्याला पट्टा बांधून पुढं उभे, शेजारी कुका; ह्या साली किल्ला त्यांच्या हातचा नव्हता. शेंड्यावरचा मुकुट फुत्कारत सुटला.

कित्येक वर्षांनी चेंचोकाकांची हनुवटी वर गेली. हळूहळू, पण गेली. आभाळातला उजेड त्यांच्या तोंडावर पडला. लोक मुकुट सोडून त्यांच्याकडं बघत होते.

“वाकडा!” काका ओरडले. “आरं, वाकडा गेला की! कुनी बांधला?”

“माझ्या भावानं,” कुका म्हणाली.

“तरीच! त्याला म्हनावं, भैनीकडं शिकाय जा. सोलान्यांच्या घरात हात एकाच पोरीचा सरळ हाय.” सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ते बोलले, आणि मान खाली न घेता पुढचा बाण शोधू लागले.