सातवीच्या वर्गातले उजवे हात

सकाळचे सात पन्नास. मिताली पोंक्षे वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार देवांची नावं चिकटवत होती: आमुन, रा, प्ताह, सेत. प्राचीन इजिप्तच्या सैन्याच्या तुकड्यांना ही नावं असत. ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या एका शाळेत ती सातवीला इतिहास शिकवते. पुण्याहून शिकायला आली आणि इथेच राहिली. नोकरी अजून काँट्रॅक्टवर आहे.

आठ वाजता शार्दूल केतकर दारात उभा. सावनीचा बाबा, पेशाने इंजिनिअर. आदल्या दिवशी लेकीच्या दप्तरात त्याला पुठ्ठ्याचा एक कापलेला हात सापडला होता, मनगटाशी लाल रंग. शाळेला विचारण्याआधी त्याने फोटो महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत तो फोटो डेप्युटी प्रिन्सिपलकडे पोहोचला. त्यांचा मितालीला मेसेज आला: पालकांचं समाधान झालं नाही, तर सावनीच्या वर्गानंतर सातवी ‘बी’ला हा धडा नको. त्यांना पिरॅमिड दे.

‘‘मुलांना हात तोडायला शिकवताय?’’ शार्दूलने विचारलं.

‘‘मोजायला. लढाईनंतर सैनिक मेलेल्या शत्रूचा उजवा हात आणायचे. लेखनिक मोजून टिपून ठेवायचे. पराक्रमाबद्दल राजा सोनं द्यायचा.’’

‘‘अहो, बारा वर्षांची आहेत ती!’’

‘‘म्हणून तर पुठ्ठ्याचे. कालच मुलांनी कापून रंगवले. पहिला तास सावनीच्याच वर्गाचा आहे. बसा मागे.’’

तो बसला.

खेळ सोपा होता. सैन्याबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, की ढिगातून न बघता एक हात उचलायचा. उजवा निघाला तरच तुकडीच्या नावावर. सावनी त्या दिवशी लेखनिक होती.

सेत तुकडीच्या तनयने डावा हात उचलला, पाहिला, उलटा केला आणि तिच्यापुढे धरला.

‘‘राइट हँड, मेट.’’

‘‘मिस, ही इज चीटिंग!’’ सावनी ओरडली.

वर्गात गोंधळ. पुठ्ठ्याचा डावा हात उलटला की उजवा होतो, हे मितालीच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने तनयकडून हात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला.

‘‘पेनाने नखं काढा,’’ मागून शार्दूल म्हणाला. ‘‘एकाच बाजूला. मग उलटला की कळेल.’’

‘‘डॅड, प्लीज!’’ सावनीने कपाळाला हात लावला.

‘‘अगं, बरोबर आहे की नाही ते सांग.’’

बरोबर होतं. दहा मिनिटं सगळी मुलं स्केचपेनने नखं काढत बसली. शार्दूलनेही काढली. तास रा तुकडीने जिंकला.

जाताना त्याने डेप्युटींना मेल केला: धड्याला हरकत नाही, फक्त लाल रंग वगळावा. मंडळाच्या ग्रुपवरचा फोटो मात्र त्याने काढून टाकला नाही. दुपारपर्यंत त्याखाली आणखी तीन पालकांच्या तक्रारी आल्या होत्या. डेप्युटींनी त्या वाचल्या, शार्दूलचा मेलही वाचला आणि परवानगी दिली. अट एक: त्या स्वतः वर्गात हजर राहतील.

सातवी ‘बी’चा तास उद्या नऊ पंचावन्नला आहे. धडा तोच.