इच्छुक अक्का

कॉलेजच्या फलकावरची सूचना शेवटच्या सहीपर्यंत वाचणारा विद्यार्थी त्या काळी अख्ख्या खानदेशात एखादाच सापडला असता. आणि ती वाचून, ही आपल्यालाच उद्देशून लिहिलेली आहे अशी जिची बालंबाल खात्री पटे, अशी व्यक्ती मी तरी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या वर्गातल्या अक्का. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमळनेरच्या कॉलेजात आम्ही कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला होतो. बाकी सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं, आणि अक्का पस्तिशी ओलांडलेल्या. नरडाण्याजवळच्या खेड्यात त्यांचं भरलं शेतकरी घर. दोन मुलं हायस्कुलात, सासूबाई ओट्यावर, कापूस शेतात, आणि हे सगळं मार्गी लावून अक्का रोज सकाळच्या पॅसेंजरने कॉलेजात हजर. लग्नाआधी मॅट्रिक झालेल्या, मग पुष्कळ वर्षांनी घरीच अभ्यास करून बारावी काढलेली. "तुमच्या घरच्यांनी परवानगी कशी दिली?" असं कोणी विचारलं की त्या नवऱ्याचं वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून दाखवत : "घर राहीसन रोज माले शिकाडस. त्यापेक्षा कालेजमा जाईसन शिक ना!"

पहिल्या दिवशी त्या डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी अशा वर्गात शिरल्या तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो. नव्या बाई आल्या असंच आम्हाला वाटलं. अक्कांनी हातानेच "बसा, बसा" केलं आणि त्याही पहिल्या बाकावर बसल्या. मागून मराठीचे सर आले. त्यांनी हजेरीपट उघडला, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि अतिशय आदराने विचारलं, "बाई, आपण कोणाच्या पालक?"

"मी मनीच पालक शे, सर," अक्का म्हणाल्या. "नाव लिखेल शे, पाहा तुम्ही."

वर्ग इतका हसला की शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गातले दोघे दारात बघायला आले. सर हसले नाहीत. त्यांनी यादीत बोट फिरवून नाव शोधलं, वाचलं, आणि अक्का "शे" म्हणाल्या. पुढची तीन वर्षं त्या हजेरीला "हजर" कधी म्हणाल्या नाहीत. अहिराणीत "मना-मनी" म्हणजे माझा-माझी, आणि "शे" म्हणजे आहे. आणि अक्का असत तेव्हा त्या आहेत हे सांगायला खरं तर तेवढ्याही शब्दाची गरज नसे.

आमचे हे मराठीचे सरच विद्यार्थी मंडळाचे प्रमुख, त्यामुळे कॉलेजातल्या सगळ्या सूचना त्यांच्या सहीने निघत. शिपाई सूचनांची वही घेऊन तास चालू असताना आत येई आणि सर खड्या आवाजात वाचत : "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की..." इथपर्यंत आले की वर्गाची निम्मी डोकी बाकावर आडवी होत. ताठ बसलेल्या असत त्या फक्त अक्का. "इच्छुक विद्यार्थ्यांनी आपली नावे" हे शब्द आले रे आले की त्यांचा हात वर.

"सर, मी इच्छुक शे."

"अक्का, अहो कशासाठी ते अजून वाचलंच नाही मी."

"नाव लिखी ल्या, मंग वाचा."

अशा रीतीने पहिल्या सहामाहीतच अक्का वक्तृत्व, निबंध, रांगोळी, काव्यवाचन, गोळाफेक, रक्तदान आणि कॅरम या सगळ्यांना इच्छुक झाल्या. छात्रसेनेलाही झाल्या होत्या, पण तिथल्या अधिकाऱ्याने वयाकडे बोट दाखवून नकार दिला. तेव्हा अक्कांनी निदान परेड तरी बघू द्या असं म्हणून मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली बसकण मारली, आणि एका पोराचा पाय सारखा चुकतो हे पाहून तिथूनच "डावा, अरे डावा!" असा हुकूम सोडायला सुरुवात केली. थोड्या वेळात अख्खी तुकडी साहेबाऐवजी त्यांच्या आवाजावर चालायला लागली. त्यानंतर परेडच्या वेळी लिंबाखाली बसायला मनाई असल्याची एक सूचना फलकावर लागली. अक्कांनी तीही शेवटपर्यंत वाचली आणि "ही मनासाठीच शे," असं अभिमानाने आम्हाला दाखवलं. तेवढी एकच खरोखर त्यांच्यासाठी होती.

वक्तृत्व स्पर्धा धुळ्याला होती. विषय, विज्ञान शाप की वरदान. इतर स्पर्धक अणुबॉम्बपासून सुरुवात करून चंद्रावर पोचत. अक्का विहिरीवरच्या मोटारीपासून निघाल्या आणि तिथेच राहिल्या. वीज आली की मोटार वरदान, गेली की शाप, आणि निम्मं पाणी पाटात आल्यावर गेली तर कोणाला काय म्हणायचं, हा प्रश्न त्यांनी परीक्षकांनाच विचारला आणि उत्तरासाठी थांबल्या. परीक्षक गोंधळले. वेळ संपल्याची घंटा झाली. अक्का चालूच. पुन्हा घंटा झाली. तेव्हा त्या घंटेवाल्याकडे वळून समजुतीने म्हणाल्या, "वाजाडू नको रे भाऊ, मी येथेच शे, कोठे जाई नही राहिनू." त्यांना नंबर मिळाला नाही, पण सभागृहातल्या टाळ्यांनी पुढच्या स्पर्धकाचं पाठांतर पार पुसून टाकलं.

गोळाफेकीचं मात्र त्यांनी सोनं केलं. गोळा हातात तोलून बघत त्यांनी विचारलं, "फेकाना म्हणजे कोठपर्यंत?" क्रीडाशिक्षक बेफिकिरीने म्हणाले, "जाईल तिथपर्यंत." तो गेला तो आखलेल्या चुन्याच्या रेघा ओलांडून, प्राचार्यांनी हौसेने लावलेल्या गुलाबाच्या वाफ्यात. क्रीडाशिक्षकांनी टेप खिशात घातली आणि नुसतंच "पहिला नंबर" म्हणाले. कापसाची ओझी डोक्यावर चढवणाऱ्या दंडांची चेष्टा करणं त्या दिवसापासून मुलांनी बंद केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण अक्का आपल्याबरोबर सगळ्या वर्गाला इच्छुक करून टाकत. न विचारता नावं देत. वर्गातल्या एका पैलवान गड्याचं नाव त्यांनी रांगोळीला दिलं. तो आधी चिडला, मग लाजला, आणि शेवटी दुसरा आला. पुढे तर बहिणीच्या लग्नात मांडवापुढची रांगोळी त्यानेच काढली. माझं नाव त्यांनी काव्यवाचनाला घातलं. मी तेव्हा इतकी बुजरी की हजेरीला माझा आवाज सरांपर्यंत पोचत नसे आणि अक्का माझ्या वतीने "शे, शे, आठेच शे" असं ओरडत. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "अक्का, मला नाही जमणार. मला विचारलं तरी होतंत का?"

अक्का डबा उघडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "मनं लगीन लागनं तवय माले कोन्ही इचारं नही, पोरी, इच्छुक शे का म्हनीसन. येथे रोज कागद लाईसन इचारतस. नही कसं म्हणू?" आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर मिरचीचा ठेचा घालून तो घास माझ्या हातात दिला. त्यानंतर त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. कविता मी वाचली.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर ती सूचना लागली. गुजरातेत समुद्रकाठी दहा दिवसांचं विद्यार्थ्यांचं शिबिर, निरनिराळ्या राज्यांतली मुलं येणार, राहण्या-जेवण्याची सोय, सोबत आमचे सर. इच्छुक विद्यार्थ्यांनी इत्यादी. ती मी, आयुष्यात पहिल्यांदाच, शेवटच्या सहीपर्यंत वाचली. मी भूगोलाच्या पुस्तकापलीकडे समुद्र पाहिलेला नव्हता. अक्कांनीही नव्हता. दोघींनी नावं दिली. सरांनी अक्कांना हलकेच खालची ओळ दाखवली : वय पंचवीसच्या आत.

"पंचवीस मना आतमाच शेतस, सर," अक्का म्हणाल्या. "वरतून थोडा जास्त व्हई ग्या, इतलंच."

सरांनी हसत मान हलवली. तो होकार की नकार ते मला कळलं नाही. माझी निवड झाली, दोन मुलांबरोबर. आणि घरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका शब्दात विषय संपवला : "नाही." आबा तेलाच्या कारखान्यात फोरमन. घरातही त्यांचा आवाज भोंग्यासारखा, एकदाच व्हायचा. "तीन गड्यांत एकटी पोरगी कुठे पाठवायची," असं आईजवळ म्हणाले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा कारखान्यातून आले, तर ओसरीवर अक्का बसलेल्या. शेतातली ताजी वांगी आईच्या पुढ्यात ओतलेली आणि चहाचा दुसरा कप चालू.

"आबा, तुमची पोरगी समुद्रावर एकटी जाते असं कोणी सांगितलं तुम्हाला?" अक्का पोरांच्या आईबापांपुढे जपून शुद्ध बोलत. "मी आहे ना बरोबर!"

"तुम्ही?"

"मी. माझी दोन पोरं मोठी केली मी. ही तिसरी."

आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. गोळाफेकीची कीर्ती कारखान्यापर्यंत पोचलेली होती. "तुम्ही असाल तर हरकत नाही, अक्का," ते म्हणाले. मी स्वयंपाकघरात आईला मिठी मारून गोल फिरले. वयाचं काय झालं असं मी दुसऱ्या दिवशी अक्कांना विचारलं, तर "ते मी पाहसू" एवढंच म्हणाल्या. अक्कांनी पाहिलं म्हणजे ते झालं, असा आमचा अनुभव. मी पुन्हा विचारलं नाही.

निघायच्या सकाळी फलाटावर अक्का माझ्या आधी हजर. नवं लुगडं, हातात फुगलेली पत्र्याची पेटी. सर त्यांना पाहून चमकले. "अक्का, तुम्ही इथे कशा..." एवढं त्यांच्या तोंडून निघतंय तोच अक्कांनी "सर, तुमना पाणीना तांब्या कोठे?" असं विचारून त्यांना वळवलं, "सामानले कुलूप लायं का?" म्हणून पिटाळलं, आणि गाडी येईपर्यंत त्या सभ्य गृहस्थाला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. गाडी आली. अक्कांनी मला आत ढकललं, पेटी वर टाकली, खिडकीतून आबांना ओरडून सांगितलं, "निर्धास्त राहा!" आबांनी हात हलवला. मी आनंदाने नुसती उकळत होते. सर समोर बसून माझ्याकडे आणि अक्कांकडे आळीपाळीने बघत होते.

बेटावद गेलं. नरडाणं जवळ आलं तशा अक्का उठल्या, पेटी खाली ओढली आणि पदर नीट केला.

"अक्का, कुठे?"

"मनं गाव उनं ना."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी त्यांचं लुगडं धरलं. "तुम्ही येणार नाही? मग हे सगळं... पेटी..."

"पेटीमा कापूस शे, वेडी." त्या हसत होत्या, पण माझ्याकडे न बघता. "सर शेतस बरोबर. नीट राह्य. समुद्र नीट पाही ले, घाई करू नको." गाडी थांबली, त्या उतरल्या. सर दारापर्यंत गेले आणि त्यांनी अक्कांना चक्क हात जोडले. अक्का लाजल्या, आणि "परतानी गाडी कवय येस?" असं विचारून, वेळ तोंडात घोळवत, पेटी डोक्यावर घेऊन निघाल्या. कापसाचीच ती पेटी, अशा झपाझप चालल्या की जणू रिकामीच.

दहा दिवस मी समुद्रावर होते. पहिले दोन रडण्यात गेले, उरलेले हसण्यात. तमिळ मुलींनी मला गजरा गुंफायला शिकवला, मी त्यांना भाकरी थापून दाखवली, शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर कविता म्हटली. परतीची गाडी नरडाण्याला थांबली आणि डब्याच्या दारातून आधी पत्र्याची पेटी आत आली, मागून अक्का. तेच लुगडं, मुद्दाम चुरगाळलेलं. माझ्या शेजारी धपकन बसून म्हणाल्या, "बठ्ठं सांग. लवकर. आबा इचारतीन."

मी सगळं सांगत सुटले. त्या मधे मधे भलतंच काही विचारत. समुद्रले वास कसा ऱ्हास? रातले बी चालूच ऱ्हास का? इतकं पाणी, आणि शेताले काहीच काम नही? सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. अमळनेर आलं तेव्हा माझं निम्मंही सांगून झालं नव्हतं.

फलाटावर आबा उभे होते. माझ्या डोक्यावरून हात फिरवून ते अक्कांकडे वळले. "काय अक्का, कसा काय समुद्र?"

अक्कांनी पेटी खाली ठेवली.

"काय सांगू, आबा. जिनिंगच्या आवारात हंगामाचा कापूस पडतो ना, डोंगराएवढा? तो सगळा ढीग उठून आपल्यावर चालून येतो. असा येतो की वाटतं संपलं आता." बोलता बोलता त्यांनी त्या कोरड्या ठणठणीत फलाटावर लुगड्याच्या निऱ्या दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलल्या आणि दोन पावलं मागे सरकल्या. "आणि पायाजवळ आला की एकदम गरीब होऊन जातो. पायाला हात लावतो, आणि जातो."

यातलं एक अक्षर मी सांगितलं नव्हतं. आबा खाली फलाटाकडे बघत होते, आणि तेही नकळत पाऊलभर मागे सरकले होते. मग ते म्हणाले, "पुढच्या खेपेलाही दोघी मिळूनच जा." आणि अक्कांची पेटी उचलायला वाकले. उचलली, इतकी हलकी कशी म्हणून हातात तोलली, अक्कांकडे पाहिलं, आणि स्वतः आमच्या टांग्यापर्यंत नेली.

बी.ए. झाल्यावर अक्का शेताकडे परतल्या, मी लग्न होऊन नाशिकला आले. दोनदा भेट झाली, मग तीही नाही. समुद्र मी नंतर पुष्कळ पाहिला, मुलांना घेऊन, नवऱ्याबरोबर, कधी एकटीनेही. लाट येते तेव्हा मी निऱ्या उचलते आणि ती पायाशी येऊन गरीब होईपर्यंत उभी राहते. अक्कांना नंतर कोणी समुद्रावर नेलं की नाही, मला माहीत नाही. भेटले तेव्हा दोन्ही वेळा विचारायचं मनात होतं. पण त्या दिवशी कोरड्या फलाटावर ज्यांनी त्यांना निऱ्या उचलताना पाहिलं, त्यातलं कोणीच त्यांना तसं विचारू शकलं नसतं.