परत येणारा डबा

मी डबे करते. कुणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण ‘पॅकेजिंग डिझाइन’ म्हटलं की भोरमधले निम्मे लोक लग्नपत्रिका छापून द्याल का म्हणून विचारतात. आईचं तर ठाम मत आहे की एवढा पैसा ओतून शिकवली आणि पोरगी खोकी बनवते. खोकी नाही गं बाई, डबे. त्यातल्या एका डब्याचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. डब्याचा दोष काही नाही, डबा चांगलाच आहे. ज्याच्यासाठी केला त्या माझ्या मामेभावानं केसानं गळा कापला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भोरच्या बाहेर त्याचा ग्लू स्टिकचा छोटा कारखाना आहे. ग्लू स्टिक म्हणजे गोंदाच्या पांढुरक्या कांड्या. पिस्तुलासारख्या गनमध्ये कांडी घालायची, गन तापली की ती वितळून टोकातून बाहेर येते आणि गार होताच घट्ट चिकटते. सुतारांना लागते, मंडपवाल्यांना लागते, राख्या करणाऱ्या बायकांना लागते. कांड्या दादाच्या कारखान्यात व्हायच्या. त्या मोजून भरायचं काम मार्गासनीला एका पत्र्याच्या शेडमध्ये पाच बायका करायच्या, आणि तिथून माल एका मोठ्या कंपनीकडे जायचा. कंपनी त्यावर आपलं नाव घालून विकायची.

भरायच्या म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत भरून पुठ्ठ्याच्या खोक्यात. एप्रिलमध्ये पत्र्याखाली कांड्या एकमेकींना चिकटायच्या, वाकायच्या. वाकडी कांडी गनमध्ये अडकली की गिऱ्हाईक शिव्या घालत दुकानात परत यायचं. पावसाळ्यात वेल्ह्याकडे माल गेला की पुठ्ठ्याचा लगदा. वर कंपनीनं नवीन टूम काढली की कचरा कमी करा, पुन्हा पुन्हा वापरता येईल असं काहीतरी आणा. दादा सरळ माझ्या घरी आला, आईच्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, “तूच कर. बाहेरच्याला कशाला देऊ?”

मी कामाला लागण्याआधी तो मला मार्गासनीला घेऊन गेला. शेडमध्ये सगळ्या जणी जमल्या. दादा म्हणाला, “आता कडक डबा येणार. दुकानातून रिकामा होऊन परत इथंच येणार. तुम्हीच धुणार, तुम्हीच पुसणार, तुम्हीच भरणार. काम वाढेल, कमी होणार नाही. ही माझी बहीण आहे साक्षीला.” मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली. ती मान आता आठवली की मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्या पाच जणींत मावशी सगळ्यात जुन्या. गावातल्या बौद्ध वस्तीत राहायच्या. नवरा अर्धांगानं अंथरुणाला खिळलेला, मुलगी लग्न होऊन लांब. आधी त्या हायवेच्या कंपनीत जायच्या. उजाडायच्या आत टेम्पो, परत यायला दिवेलागण. तेवढा वेळ नवरा एका तांब्या पाण्यावर पडून राहायचा. एकदा तो तांब्या लवंडला आणि तो दिवसभर कोरड्या घशानं पडून राहिला, त्या दिवशी मावशींनी ते काम सोडलं. शेड त्यांच्या दारापासून पाच मिनिटांवर होती. दुपारी जाऊन नवऱ्याला चार घास भरवून, कूस बदलून परत येता यायचं. असं काम त्यांना दुसरीकडे कुठंच मिळणार नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि दादाला माझ्याआधी.

डबा करायला मला चार महिने लागले. भोरमधल्या एका सुताराकडून लाकडी नमुने करून घ्यायचे, एसटीनं मार्गासनीला न्यायचे, मावशींपुढे ठेवायचे. त्या कांड्या भरून बघायच्या आणि एका वाक्यात माझा आठवडा पाण्यात घालायच्या. “ताई, भरायला ग्वाड हाय. काढायची कशी? कांडी काय हाका मारून येनार हाय का?” मग मी एका बाजूला दोन बोटं जातील अशी खाच दिली. “झाकनाला दोन हात लागत्यात. मानसाच्या एका हातात गन असनार न्हवं?” मग एका अंगठ्यानं उघडेल असं झाकण केलं. तळाला अर्धगोल पन्हळी दिल्या, प्रत्येक कांडी आपापल्या पन्हळीत, उन्हात एकमेकींना चिकटायची सोय नाही. रिकामे डबे एकात एक बसतील असा उतार दिला. दादा मधेच यायचा आणि म्हणायचा, “पन्हळींमधलं अंतर अगदी सारखं ठेव. केसाचाही फरक नको.” मी म्हटलं, “हातानं भरायचंय, एवढं नेमकं कशाला?” तो म्हणाला, “दिसायला बरं दिसतं.” आणि मी ठेवलं. मला वाटलं, दादाला माझ्या कामाची कदर आहे.

शेवटी पहिले डबे साच्यातून आले. निळे, दणकट, झाकण लावलं की टक् आवाज येणारे. झाकणावर ठळक अक्षरांत मीच वाक्य घातलं, ‘कृपया हा डबा परत करा.’ पहिली खेप आम्ही इथल्याच लोकांत दिली. वेल्ह्याच्या बाजारातला सुतार, भोरचा मंडपवाला, शाळेतले चित्रकलेचे सर, बायकांचे राख्यांचे गट. मावशींची बहीण पासलीला राहते, तीही राख्या करते, तिलाही दिला.

डबे परत आले. सगळे आले. कंपनीतल्या कुणाचा विश्वास बसला नसता इतके वेळेवर आले. मी पहिला उघडला तर आत मूठभर हिरडे. दुसऱ्यात गुळाचा खडा. तिसऱ्यात हळद. चित्रकलेच्या सरांच्या बायकोनं करवंदाचं लोणचं घातलेलं, तेल पार पन्हळीत उतरलेलं. पासलीचा डबा तर काठोकाठ नव्या तांदळानं भरलेला, इतका वास येत होता की शेडमध्ये कुणीतरी भात चढवलाय असं वाटावं.

अहो, मी ‘डबा’ लिहिलं होतं! आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देतात का कधी? काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी ‘खोकं’ लिहिलं असतं, ‘पॅकिंग’ लिहिलं असतं, तर लोकांनी मुकाट रिकामं आणून दिलं असतं. चार महिने मिलिमीटर मोजत बसले आणि एका शब्दावर आपटले. मी आणि मावशी पोट धरून हसलो. मावशींनी पासलीचा डबा दोन्ही हातांनी पुढे धरला आणि मी फोटो काढला. दादाला पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ, आपल्या गोंदाला पीक आलं.’ त्यानं हसरे चेहरे पाठवले. माझं माणूस, माझ्याबरोबर हसतंय, असं मला वाटलं.

गंमत वेगळी आणि काम वेगळं, हे मलाही कळत होतं. तांदळाचा दाणा गनमध्ये गेला तर गन तुंबते, आणि तेल लागलेली कांडी चिकटत नाही. म्हणून मी तळाला भोकं पाडली. भोकं असली की धान्य राहत नाही, तेल राहत नाही, आणि धुतल्यावर पाणीही झरझर निथळतं. झाकणावरचं वाक्य बदललं, ‘रिकामी पेटी दुकानात द्या.’ मावशींनी भोकांतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “घ्या. डब्याची चाळन क्येली.” दुसऱ्या खेपेला एकूण एक पेटी रिकामी, स्वच्छ परत आली. ती खेप दादानं स्वतः मोजून घेतली होती. हे मुद्दाम सांगते.

मग पुण्यात कंपनीच्या ऑफिसात बैठक झाली. मी इस्त्रीची साडी वगैरे नेसून गेले. त्यांनी डबा हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. एक साहेब म्हणाले, इतकं साधं आणि इतकं पक्कं काम आम्ही बघितलं नव्हतं. मी फुलून गेले होते. मग दादा उठला आणि त्यानं पडद्यावर माझा फोटो लावला. काठोकाठ तांदूळ, आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना मावशींचे हात, हिरव्या बांगड्यांसकट. वर लिहिलं होतं, ‘मार्गासनी केंद्र : परत आलेला माल दूषित.’

दादा शांतपणे बोलत होता. गावाकडे डब्यांची स्वच्छता राखणं शक्य होत नाही, त्यामुळे धुणं आणि भरणं कंपनीच्याच कारखान्यात, यंत्रावर व्हावं, अशी आमची शिफारस आहे. आमची! मी म्हटलं, “हा पहिल्या खेपेचा—” दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई फक्त डिझाइन बघतात,” आणि पुढचं चित्र लावलं. त्यात यंत्र होतं. यंत्राच्या बोटांमधलं अंतर माझ्या पन्हळींमधल्या अंतराएवढं होतं. केसाचाही फरक नव्हता.

मी तेव्हा उठून बोलायला हवं होतं. दुसरी खेप स्वच्छ आली, भोकं पाडलीत, हा फोटो गमतीचा आहे, एवढी तीन वाक्यं. मी मूग गिळून बसले. कारण तो साहेब अजून माझा डबा हातात धरून कौतुकानं फिरवत होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण दादाला शिव्या घालायच्या आणि हे लपवायचं, तर मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय.

परतताना गाडीत मी फुटले. नाही नाही ते बोलले. त्यानं कात्रजचा बोगदा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “यंत्र त्यांनी आधीच घेतलंय. त्यांना कागदावर कारण हवं होतं. मी नाही म्हटलं असतं तर कांड्यांचं कामही गेलं असतं.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“तुला मार्गासनीला नेलं, त्याच्याही आधीपासून.”

“आणि तू मला साक्षीला उभं केलंस.”

“शब्द मी दिला होता, तू नाही. तू कशाला मनाला लावून घेतेस? तुझा डबा पास झाला ना?”

मामेभाऊ म्हणजे सख्ख्यासारखा, असं आमच्या घरात बोलतात. मी नसरापूर फाट्यावर गाडी थांबवायला लावली आणि उतरले. त्यानं थांबवलीही, आणि गेलाही.

तिथून मिळेल ते वाहन धरून मी मार्गासनीला पोचले. मला वाटत होतं, निदान मी सांगितलेलं बरं. पण दादाचा माणूस सकाळीच येऊन गेला होता. बैठक व्हायच्याही आधी! महिनाअखेर शेड बंद, असा कागद त्यानं प्रत्येकीच्या हातात दिला होता. बाकीच्या घरी गेल्या होत्या. मावशी एकट्याच होत्या, कागद मांडीवर धरून बसलेल्या.

“ताई, येवडं वाचून द्या,” त्या म्हणाल्या. त्यांना वाचता येत होतं. सगळं वाचून झालं होतं. त्यांचं बोट एका शब्दावर होतं.

“दूषित,” मी म्हटलं.

“म्हंजी काय?”

“म्हणजे... खराब. कांडीला दुसरं काहीतरी लागलेलं.”

“आमच्या हातनं?”

“नाही. तसं नाही. हा आपला कारखान्यातला शब्द आहे.”

“कारकान्यातला असंल,” त्या म्हणाल्या. “माज्या सासूच्या टायमाला ह्येलाच बाटलं म्हनत हुते. तिनं हात लावला तर हापशी धुवून घ्यायचे लोक.” आवाज चढला नव्हता.

मग मी सगळं सांगितलं. फोटो कुणी काढला, कुणी लावला, कुणाचे हात दिसत होते, आणि मी कशी बसून राहिले. काही गाळलं नाही. मला वाटत होतं, त्या चिडतील, मला चार शब्द सुनावतील, म्हणजे माझंही ओझं थोडं उतरेल. मी म्हटलं, मी कंपनीला पत्र लिहीन, त्या साहेबाला भेटीन. त्यांनी मान हलवली. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. पत्र मी लिहिलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

“एक तारखेपासनं हायवेचा टेम्पो धरते,” त्या म्हणाल्या. “शेजारनीला सांगितलंय, दुपारी एक डाव डोकवून यांना पानी पाज म्हनून. बगू, किती दिस करती.”

मला रडू आलं. त्यांना नाही आलं. त्या उठल्या, शेडची कडी लावली, आणि मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला चालत आल्या. मी नको म्हणत होते तरी आल्या. वेळ झालेली होती, नवऱ्याला भरवायचं होतं, तरी एसटी दिसेपर्यंत थांबल्या.

“आन् तुमचा डबा?” त्यांनी विचारलं. “त्यो तरी घेतला न्हवं त्यांनी?”

“घेतला,” मी म्हटलं.

“मग बरं जालं. लई खपला हुता तुमी.”

टोमणा असता तर मी झेलला असता. त्या मनापासून म्हणाल्या.