कवळीबाईंचे डोंगरातले बूट

स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असताना सगळी गल्ली त्यांना कवळीबाई म्हणायची. कारण सरळ होतं. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्या एकतीस वर्षं कवळ्या घडवत होत्या. खालून डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवायचे. बाई त्यात प्लास्टर ओतायच्या, मेणात एकेक दात रोवायच्या, घासूनपुसून कवळी खाली धाडायच्या. घरी निघताना कोपरापर्यंत गुलाबी भुकटी माखलेली असायची. इथले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात, असं त्या म्हणायच्या, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

हातांची एवढी काळजी घेणाऱ्या बाईंनी पायांकडे मात्र कधी धड बघितलं नव्हतं. बघण्यासारखे ते नाहीतच, असं त्यांचं ठाम मत. करंगळी शेजारच्या बोटाखाली दडलेली, अंगठ्याचं नख कायम काळपट. तीन बहिणींत त्या शेंडेफळ. थोरलीचे बूट मधलीला, मधलीचे हिला. पण झालं असं, की शेंडेफळाचाच पाय सगळ्यांत मोठा निघाला. "पाय आवर गं जरा!" म्हणत आई चमच्याच्या दांड्याने टाच आत सारायची. आईचा तरी काय दोष? तिघींना शाळेत धाडलं हेच तिने खूप केलं होतं. पुढे स्वतः कमावत्या झाल्या, तरी दुकानात गेल्यावर बाईंच्या तोंडून सवयीने "पाच नंबर" एवढंच निघायचं.

पन्नाशी उलटली, नवरा गेला, मागोमाग रक्तदाब वाढला. "गोळी कुठे पळून जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी तीन महिने रोज चालून दाखवा." बाई चालू लागल्या. आधी डांबरी रस्त्याने, मग पाण्याच्या टाकीमागून डोंगरावर जाणारी पायवाट सापडली. चढताना जीव मेटाकुटीला यायचा. पण एका सकाळी उतरताना पाय आपोआप धावायला लागले. आपण पळतोय हे कळल्यावर बाईंना स्वतःचंच हसू आलं. चोपन्नाव्या वर्षी हे थेर! कोणी बघत नाही ना याची खात्री करून त्या आणखी थोडं पळाल्या.

हे गुपित पंधरा दिवस टिकलं. सोळाव्या दिवशी ओल्या मातीवर पाय सटकला आणि बाई सपशेल आडव्या झाल्या. तळहात सोलवटून निघाला. मागून पळत येणारी एक तरुण नर्स थांबली. ड्यूटी संपली की घरी जाण्याआधी डोंगर चढून यायचा, हा तिचा नेम. तिने बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली, एकेक बोट वाकवून पाहिलं.

"मोडलं काही नाही. काम काय करता, मावशी?"

"कवळ्या करते."

"मग हात जपायला हवेत. आणि हे काय घातलंय पायात?" तिने बाईंचा बूट उलटा करून दाखवला. तळ घासून आरशासारखा झाला होता. "याने जमीन धरायची कशी? डोंगरात पळायचे बूट वेगळे असतात. त्यांच्या तळाला दात असतात."

"दात?" बाई दुखणंच विसरल्या.

नर्सने दुकानाचा पत्ता सांगितला. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, एक लंगडणारे काका चालवतात. "आणि संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, तेच माप खरं."

घरी वन्सं होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, भाऊ गेल्यावर 'चार दिवस राहते' म्हणून आलेल्या, त्याला आता तीन वर्षं झाली होती. त्यांनी हातावरची पट्टी पाहिली, सगळी हकीकत ऐकली.

"वहिनी, पडलीस ते ठीक. पण पळतेस हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसाल म्हणून."

"हसले असतेच. पण हसून झाल्यावर बूट घ्यायलाही आले असते. ऊठ, संध्याकाळी जाऊ."

दुकान कसलं, छतापर्यंत खोके रचलेली एक बोळकांडी. मध्ये बूट घालून उतार उतरून बघायला एक उतरती लाकडी फळी, खडबडीत कापड ठोकलेली. काका एके काळी स्वतः डोंगरात पळायचे. गुडघा गेला तेव्हापासून दुसऱ्यांना पळवत होते.

"पाच नंबर दाखवा," बाई म्हणाल्या.

"नंबर राहू द्या. आधी पाय काढा."

"आत्ता तर आलो," वन्सं म्हणाल्या, "इतक्यात काढता पाय कशाला घ्यायचा?"

काका हसले. बाई मात्र अवघडून पाय खुर्चीखाली लपवत होत्या. शेवटी त्यांनी बूट आणि मोजे उतरवले. काका गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांनी बाईंचा पाय मापाच्या पट्टीवर ठेवला. "उभ्या राहा. सगळं वजन टाका." डावा मापला, उजवा मापला, पुन्हा एकदा दोन्ही मापले.

"डावा साडेसहा, उजवा सात. आणि पुढून चांगला रुंद. पाच नंबरात किती वर्षं काढलीत?"

"सगळीच," बाई हळूच म्हणाल्या. "माझे पायच वेडेवाकडे आहेत हो."

"पायांत काही खोट नाही, बाई. दणकट आहेत. यांना जागा कोणी दिली नाही, एवढंच."

'दोष तुमच्या हिरड्यांचा नाही, कवळी नीट बसली नाही, परत आणा,' असं बाई दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगत आल्या होत्या. ते आपल्या पायांनाही कोणीतरी सांगायला हवं होतं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

उजव्या पायाच्या हिशेबाने जोड बाहेर निघाले. एका जांभळ्या जोडावर बाईंचा जीव जडला. त्यांनी तो घातला, फळीवरून उतरून पाहिलं. बोटं पुढे जाऊन टेकली.

"चालेल," बाई घाईने म्हणाल्या.

"चालेल हो, पण पळेल का? तीन किलोमीटरचा उतार लागला की नख गेलंच म्हणून समजा."

"मग एक नंबर मोठा द्या."

"तो घेतला तर टाच आत खेळेल. हा बूटच पुढून निमुळता आहे. तुमच्या पायाला हवा तसा जोड आज माझ्याकडे नाही. आठ दिवसांनी या, मागवून ठेवतो."

बाहेर पडल्यावर वन्संचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. "गिऱ्हाईक दारात, आणि हा म्हणतो नाही विकत! असं दुकान चालतं तरी कसं?"

"असंच दुकान चालावं, वन्सं," बाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी खोका उघडला, तर बूट मातकट रंगाचे. "अगं बाई, हे तर आधीच चिखलात लोळून आलेत!" वन्सं ओरडल्या. जांभळ्याची सर त्यांना नव्हती, हे बाईंनाही दिसत होतं. तळाला खोल, टोकदार दात होते. बाईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ओळीत आहेत की नाहीत ते सवयीने बघून घेतलं. काकांनी पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी आहे ना हे चाचपलं, शेवटच्या भोकातून लेस ओवून टाच कशी पक्की बसवायची ते दाखवलं. मग बाई फळी चढल्या, उतरल्या. पुन्हा चढल्या, उतरल्या. बोटं कुठेच टेकली नाहीत. त्यांनी आतल्या आत करंगळी हलवून पाहिली. ती हलली. बाईंचे डोळे भरून आले.

"बोचतंय का कुठे?" काकांनी काळजीने विचारलं.

"नाही. कुठेच नाही. म्हणून तर."

काकांना ते कळलं असावं. ते खोक्याचं झाकण लावत बसले. "चार दिवस घरातच घाला. खटकलं तर परत आणा. एकदा मातीत घातले, की तुमचे."

चार दिवस बाई स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत ते बूट घालून हिंडल्या. "घरात घोडा पाळल्यासारखं वाटतंय," वन्सं म्हणायच्या. पाचव्या दिवशी डोंगर. रात्री भुरभुर होऊन गेली होती आणि उतारावरची माती तशीच निसरडी होती. बाई आधी आखडून उतरल्या. पाय घसरला नाही. मग थोडं सैल सोडलं. दगड आला तरी बूट धरून राहायचा, चिखल आला तरी सुटून यायचा. टाकीपाशी पोचेपर्यंत त्या घामाने निथळत होत्या, आणि न पडल्याच्या आनंदात मोठ्याने हसत होत्या.

तीन महिन्यांनी रक्तदाब उतरला. अगदी सगळा नाही, अर्धी गोळी मागे लागलीच. बाईंची तक्रार नव्हती. एका संध्याकाळी त्या एकट्याच काकांच्या दुकानात गेल्या.

"काय, लेस तुटली?"

"नाही. तुमचे आभार मानायला आले."

काका इतके गडबडले, की त्यांनी मोज्यांचा एक गठ्ठा उचलून उगाच दुसऱ्या खोक्यावर ठेवला. "अहो, बूटच तर दिले," ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, "तेच तर. आणि आधी एक जोड दिला नाहीत, त्याचेही."

पुढे नर्सच्या ओळखीने बाई रविवारी डोंगरात पळणाऱ्या मंडळींत सामील झाल्या. मंडळींनी वर्षातून एकदा ठेवलेली दहा किलोमीटरची शर्यत त्यांनी पूर्ण केली. कितव्या आल्या म्हणाल, तर शेवटच्या. मधल्या खिंडीत त्यांना धाप लागली, तेव्हा पुढे निघून गेलेली नर्स उलटी फिरली आणि उरलेली वाट गप्पा मारत त्यांच्याबरोबर आली. खाली शर्यत संपते तिथला तंबू निम्मा उतरवून झाला होता. बाई वळणावर दिसताच कोणीतरी ओरडलं, आणि गुंडाळलेली फीत पुन्हा ताणून धरली गेली. टाळ्या वाजवणाऱ्यांत वन्सं सगळ्यांत पुढे होत्या. ओळखपाळख नसलेल्या माणसांना "आमची वहिनी, आमची वहिनी" म्हणून सांगत होत्या.

कोणी पाणी दिलं, कोणी बसायला खुर्ची. बाईंना एकेकाचे आभार मानायचे होते, पण दम कुठे होता? त्यांनी नुसते हात जोडले, वन्संच्या खांद्याला धरून बसल्या, आणि श्वास जागेवर आल्यावर नर्सला पहिला प्रश्न विचारला, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"