गुडघा टेकल्यावर

वसंताची मान मी मोडली होती.

आज सकाळी वसंता गेला.

फेसबुकवर त्याचे फोटो फिरतायत. ज्यांनी त्याला कधी बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातलेलं पाहिलं नाही, तेच जास्त लिहितायत. असो.

आमच्या व्यायामशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोरं रोज भांडतात. एमएमएचे, म्हणजे कुस्ती-बॉक्सिंग सगळं चालणाऱ्या फाइटचे, रूल्स कोणाला फेव्हर करतात, धरून पाडणाऱ्याला की ठोसे मारणाऱ्याला?
मला म्हणतात, काका, तुम्ही जुने पहिलवान, तुम्ही सांगा.

मी नुसता अंगठा पाठवतो. आज सांगतो.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची नागपंचमी.

मी कुहीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, कुस्तीसाठी नागपुरात येऊन राहिलेलो. वसंता कोष्ट्याचा. आखाड्याच्या मागच्या गल्लीत त्यांचे दोन हातमाग होते.
दिवसभर मागावर धोटा फेकायचा आणि संध्याकाळी मिलिटरीतून रिटायर झालेल्या एका मास्तरांकडे बॉक्सिंग शिकायचा.

टपरीवर रोज एकत्र चहा आणि रोज तेच भांडण.

"तुले एकदा धरलं ना बे, तं तुह्या ठोशाले विचारते कोन?" मी म्हणायचो.
"धरशील तवा ना. तोवर नाक जाग्यावर राह्यलं पाह्यजे."

हे कोणीतरी माझ्या उस्तादांच्या कानावर घातलं. उस्ताद म्हणाले, होऊन जाऊ दे, नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीतच होऊन जाऊ दे.

रूल्स त्याच टपरीवर ठरले. माती आमची. पंच तिघेही आमचे.
वसंताची पाठ मातीला टेकली की तो हरला. मी पडून उठलोच नाही, तर मी हरलो.
त्याच्या हातात ग्लोव्हज, म्हणजे त्याला काही धरता येणार नाही. माझे हात मोकळे.

मास्तर म्हणाले, "ये तो एकतरफा है."
उस्ताद नुसते हसले. वसंताच मध्ये पडला, "राहू द्या ना मास्तर, मी तयार आहो."

गुडघा टेकला तर काय, हे कोणीच विचारलं नाही.

कुस्तीत पहिलवान गुडघे-हात टेकून खाली बसला तरी कुस्ती चालूच असते. बॉक्सिंगमध्ये गुडघा टेकला की समोरचा थांबतो, मागे सरकतो.
दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना वाटलं, आपलं ते सगळ्या जगाला माहीत असतं.

दंगलीत पहिले तीन ठोसे मला कडक बसले. दोन नाकावर, एक कानाखाली. त्याच्या जवळ जाताच येईना.
लोक हसायला लागले. माझे वडील पुढच्याच रांगेत होते. उस्ताद मातीकडे बघत होते.

चौथा ठोसा आला आणि मी गुडघा टेकला.

वसंता ताबडतोब मागे सरकला. हात खाली घेतले, पाठ फिरवून मास्तरांकडे बघितलं. शिकवलं होतं तसंच.
पंच काही बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने कुस्ती चालू होती.

मी उठलो. मागून त्याच्या कमरेला मिठी मारली, उचलला आणि मागे टाकला. ग्लोव्हजमुळे त्याला माझे हात सोडवता आले नाहीत.

तो मानेवर पडला.

पाठ टेकली होती. पंचांनी माझा हात वर केला, मला फेटा बांधला. वसंता उठत नव्हता.

जीव वाचला, उजवा हात कायमचा लुळा पडला.

धोटा धाकटा भाऊ फेकायला लागला. वसंता घरातल्या बायकांसोबत बसून डाव्या हाताने धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचा. विणकामात कांड्या भरणं म्हणजे बायका-म्हाताऱ्यांचं काम. वसंता तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

मी पुन्हा कधी मातीत उतरलो नाही. त्याने त्याचा हात थोडाच परत येणार होता.

लोकांनी पंचांना शिव्या घातल्या, उस्तादांना घातल्या, रूल्सना घातल्या. मला कोणी काही बोललं नाही.
वसंता तर नाहीच. मी दारात दिसलो की बायकोला सांगायचा, "चहा ठेव वं, पहिलवान आला."
आणि जो भेटेल त्याला सांगायचा, "त्याची काही चूक नाही. त्याले आमचा नियमच माहीत नोता."

माहीत होता.

दंगलीच्या आठ दिवस आधी त्यानेच सांगितला होता. मी विचारलं होतं, "गुडघा टेकला म्हनजे गडी हातात सापडला. मंग काहून सोडता गा त्याले?"
तर म्हणाला, "खाली गेलेल्याले मारत नाही बाबा. हात खाली घ्याचे अन् मांगं सरकाचं."

हे तो विसरला होता, की विसरल्यासारखं दाखवत होता, मला कधीच कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

मागच्या महिन्यात भेटलो ते शेवटचं. खाटेवर पडून होता, आवाज खोल गेलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने त्या दिवसाबद्दल विचारलं.

"पहिलवान, एक सांग. तो चवथा ठोसा तुले बसला होता ना?"

मी म्हणालो, "बसला होता गा. डोळ्यापुढं अंधारी आली."

इतका खूश झाला. बायकोला हाक मारली. "आयकलं का वं? पहिलवानाले खाली बसवलं होतं म्या."

ती माझ्याकडे बघून हसली. मी चहा संपवला आणि निघालो.

पोरांनो, रूल्स आमच्या बाजूचे होते, शंभर टक्के. पण रूल्सच्या आड मी इतकी वर्षं लपलो, त्याची मला लाज वाटते.

वसंता, तुझा चौथा ठोसा हवेत गेला होता. मला काहीही लागलं नव्हतं. तू मागे सरकशील हे माहीत होतं, म्हणून मी खाली बसलो.

जा बाबा. शेवटचा राम राम.