वाळवंटातल्या नदीची ओटी

देवावर रुसलेली माणसं देवळाची पायरी चढत नाहीत असं म्हणतात. मी रुसले आणि त्याच्याशी भांडायला गाडी काढून साठ-सत्तर मैल गेले. ऐकणारा कुणीतरी असावा अशी शंका तेव्हाही मनात होतीच, नाहीतर एवढं पेट्रोल कोण जाळेल?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही शारजात राहायचो. होळी झाली होती, पाडवा तोंडावर आला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ज्या देशात छत्री मागितली तर दुकानदार उन्हाची दाखवतो, त्या देशात आठवडाभर संततधार! रस्त्यांना गटारं नाहीत, कारण गटारात जाणार काय? आमच्या इमारतीखाली गाड्या म्हशींसारख्या डुंबत होत्या. आणि अशा वेळी आमचे हे कंपनीच्या कामाला डोंगरापलीकडच्या एका गावात गेलेले. काम कसलं, तर आटलेल्या विहिरीवर मोठा पंप बसवायचं. पाण्याला बोलावणं धाडायला माणूस गेला आणि पाणी दारं फोडून आलं. विनोद म्हणून हे मला आज आवडतं. त्या दिवशी मात्र मी चवताळले होते.

कारण ह्यांचा पत्ता नव्हता. गुरुवारी संध्याकाळी परतायचे होते, शुक्रवार उजाडला तरी आले नाहीत. मोबाइल होता, पण डोंगरात गेला की त्याची वीट व्हायची. रेडिओ सांगत होता की वाद्या, म्हणजे तिथली एरवी कोरडी असणारी नद्यांची पात्रं, दुथडी भरून वाहताहेत आणि गाड्या वाहून गेल्या आहेत. मी ह्यांच्या मॅनेजरला घरी फोन लावला.

"मॅडम, टेन्शन मत लो. इन्शाल्ला आ जाएगा," तो तोंडातला घास चावत म्हणाला.

इन्शाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर. देवाची इच्छा विचारायला मला मॅनेजर कशाला हवा? मी कंपनीची इच्छा विचारत होते! मी फोन आपटला. देवघरातल्या गणपतीसमोर उभी राहिले आणि त्यालाही सुनावलं, "तूही त्यांच्याच ऑफिसात लागलास का?"

आई तेव्हा व्हिजिटवर आली होती. सांगलीची, कृष्णेच्या काठी जन्म गेलेला. ती शांतपणे वाती वळत म्हणाली, "पाण्यावर रागावू नये गं. नदी दारात आली की तिची ओटी भरावी. माहेरवाशीण असते ती. मान मिळाला की निवते."

"आई, ही नदी नाही. हा रस्ता आहे. परवापर्यंत इथून ट्रक जात होते!"

"म्हणूनच चिडली असेल," आई म्हणाली.

आई दर खेपेला माझ्या ओटीसाठी खण आणि तांदूळ घेऊन यायची. पण बाबा गेल्यापासून स्वतः भरायची नाही. शेजारची कुणी सवाष्ण बोलावून तिच्या हातून भरायची आणि आपण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. मला त्याचाही संताप होता. जन्म दिला त्या हातांना तांदूळ द्यायला बंदी! मी भांडायचे, ती हसायची, आणि शेजारीण यायची. त्या वर्षीचा खण हिरवागार, लालभडक काठांचा होता. तो, तांदूळ, हळदकुंकू आणि कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानातला नारळ पिशवीत घालून आम्ही मायलेकी निघालो. ओटीवर माझा विश्वास नव्हता. घरात बसून वाट बघणं तेवढं जमत नव्हतं.

धैद गावाच्या पुढे डोंगरात रस्ता अचानक संपला. पलीकडे चहासारखं लालसर पाणी, त्यात दगड गडगडत होते, आणि पल्याडच्या काठावर डांबराचं उरलेलं टोक. अलीकडे तर जत्रा! गाड्या लावून लोक पाणी बघत बसलेले, कुणी थर्मास उघडलेला. माझा नवरा हरवलाय आणि ह्यांची सहल! मी तरातरा काठाकडे निघाले. आई दहा पावलं मागेच थांबली. "तू भर," म्हणाली. "मला चालत नाही."

मी अगदी कडेला गेले. खण हातात घेतला, वाकले, आणि नदीला म्हटलं, "घे बाई. पण माझा माणूस दे, नाहीतर—"

पुढची धमकी राहूनच गेली. कुणीतरी माझी ओढणी धरून मला असं मागे खेचलं, की मी वाळूत बसकण मारली.

"अगो बाय, मरायचंय काय? काठ आतून पोखरलाय, दिसत नाय?"

मराठी! त्या डोंगरात! वळून बघते तो काळा बुरखा घातलेली, माझ्या आईच्या वयाची बाई कमरेवर हात ठेवून माझ्यावर डाफरत होती. मी उलटून काही बोलणार, तोच मी उभी होते तो डांबराचा तुकडा बिस्किटासारखा मोडून पाण्यात गेला. आवाजसुद्धा झाला नाही.

ती रत्नागिरीकडची. तिच्या नवऱ्याचं पलीकडे किराण्याचं दुकान होतं आणि ती अलीकडे लेकीकडे आलेली अडकली होती. "माझा घोव रोज दुपार कलल्यावर असरची बांग झाली की तिकडच्या काठाला येतो आणि टॉवेल हलवतो. काल बोटं दाखवली, मग तोंडाकडं हात नेला. म्हणजे दुकानात पाहुणे हायत आणि मेले खातायत फार."

"पाहुणे कोण?" मी विचारलं.

"ता मला कसं कळणार? तू तो खण नदीत टाकू नको आता. हलव. नदी काय पळून जात नाय."

तेवढ्यात पलीकडे टॉवेल दिसला. मागोमाग चार-पाच माणसं. मी खण दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि वेड्यासारखी हलवू लागले. त्या राखाडी डोंगरात एवढं हिरवं काहीच नव्हतं. पलीकडचा एक माणूस पुढे आला, थबकला. हात हलवला नाही, ओरडला नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसता उभा राहिला. खरेदीत मला उशीर झाला की दुकानाबाहेर अस्साच उभा असतो.

आई मागून हात जोडून म्हणाली, "विठ्ठल उभा आहे बघ काठावर."

"विठ्ठल कसला? तुझा जावई आहे!" मी ओरडले, आणि जी रडायला लागले ती थांबेचना. खण धरवेना, खांद्यावरच्या पिशवीतले तांदूळ सांडायला लागले.

"आता भरा ओटी, पण इकडनं, लांबनं," ती बाई म्हणाली. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. "हिचे हात कापतायत. मावशी, तुम्ही भरा."

"मला चालत नाही हो," आई म्हणाली.

"कुणाला चालत नाय? तिला विचारलंत?" तिने पाण्याकडे बोट दाखवलं.

इतकी वर्षं मी भांडून जे झालं नाही, ते त्या एका प्रश्नाने झालं. आईने नदीकडे बघितलं. मग पुढे आली, माझ्या हातून खण घेतला, त्यात नारळ आणि तांदूळ बांधले, हळदकुंकू वाहिलं आणि गाठोडं लांबूनच पाण्यात टाकलं. ते गिरकी घेऊन निघून गेलं. मुठीत थोडे तांदूळ उरले होते. आई माझ्याकडे वळली. "पदर कर," म्हणाली. मी ओढणी पसरली.

पाणी दोन दिवसांनी उतरलं. हे घरी आले ते त्या दुकानातली बिस्किटं मऊ पडली होती अशी तक्रार करतच. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं याची मला अजून चुटपुट लागते. देवाशी मी आजही भांडते, ती सवय जायची नाही. पण भांडून झालं की ओढणी पसरते. तांदूळ कुणाच्या हातून पडतील, हे मी आता ठरवत नाही.