मरत्या पेशीची साक्ष

प्रयोगशाळेत सगळे त्यांना कोतवालीणबाई म्हणत, आणि बाईंना ते मनातून आवडत असे. खालच्या मजल्यावरच्या रसायनवाल्यांनी नवं औषध केलं की ते आधी वर बाईंच्या खोलीत येई. औषधाने पेशींमधली गुणसूत्रं तुटतात का, हे बाई सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. तुटलेला तुकडा पेशीच्या केंद्रकाबाहेर एकटाच पडून राहतो, गावाबाहेर हाकलल्यासारखा. असे तुकडे फार दिसले की औषधाचा कारभार आटोपला.

पण बाईंचा दंडक होता. पेशी कितपत धडधाकट आहेत हे आधी मोजायचं, तुकडे नंतर. डोस फार झाला की मरता मरता पेशी आपोआपच मोडते; त्याचं खापर औषधावर फोडायचं नाही. "मरत्या पेशीची साक्ष धरायची नाही," हे त्या इतक्यांदा म्हणत की घरी नवराही तापात बडबडला की म्हणे, "हे धरू नकोस बरं का."

या खेपेला आरोपी होतं खालच्या रसायनवाल्या अण्णांनी केलेलं सांधेदुखीचं औषध. उमेदीची वर्षं अण्णांनी त्यात घातली होती. बाईंना तुकडेच तुकडे दिसले. बातमी कळताच अण्णा तरातरा जिना चढून आले.

"कोतवालीणबाई, निरपराध्याला सुळी देताय!"

"आधी चपला बाहेर काढा."

"तुमच्या पेशीच अर्धमेल्या असतील. तुम्हीच मरत्याची साक्ष धरताय!"

बाईंना ते झोंबलं. "निळा रंग घालून पाहिलंय मी, अण्णा. मेलेली पेशी निळी होते. इथे निळ्या आहेत कुठे? बसा, दाखवते."

निळ्या पेशी खरोखरच मोजक्या होत्या. बाई विजयाने हसल्या आणि ताळा म्हणून शेजारची, औषध न घातलेली डिश भिंगाखाली सरकवली. हसू तिथेच थांबलं. दोन्ही डिशमध्ये पेशी सारख्याच पेरल्या होत्या. इथे त्या खांद्याला खांदा लावून दाटल्या होत्या. औषधाच्या डिशमध्ये मैदानं मोकळी. मुद्दल शाबूत होतं, व्याज जवळजवळ नव्हतंच. रंगाला मेलेली पेशी कळते, वाढ सोडून खचून बसलेली कळत नाही. कामाच्या घाईत बाईंनी रंगावरच भिस्त ठेवली होती.

"अण्णा, तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि तशाच साहेबांकडे गेल्या.

साहेब वैतागले. "औषध नापास, विषय संपला. आता कशाला उकरता? लोक म्हणतील, कोतवालीणच चुकली."

"चुकलीच. डोस झेपण्यापलीकडचा होता. पुन्हा करते. चुकीची फाशी माझ्या हातून नको."

बाईंनी डोस उतरवत नेले आणि प्रत्येक डिशची वाढ साध्या डिशशी ताडून पाहिली. भिंगाखालची कोणती काच कोणत्या डिशमधली, हे नेहमीप्रमाणे मोजणी संपेपर्यंत त्यांच्यापासून झाकलेलं होतं. जिन्यात अण्णा विचारत, "आरोपी कसा आहे?"

"कोठडीत आहे. भेट बंद."

शेवटी बाईंनीच त्यांना वर बोलावलं. अण्णांनी चपला स्वतःहून काढल्या आणि बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नाही.

"डोस किती कमी आहे हा! पेशी तर ठणठणीत आहेत."

"हो. वाढ साध्या डिशइतकीच."

"आणि तरी तुकडे..."

"आहेत, अण्णा." बाईंचा आवाज खाली आला. कोणती काच कोणाची हे उघडण्याआधी त्यांनीही मनातून दुसरंच मागितलं होतं.

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "म्हणजे गेलं. लोकांच्या पोटात गेलं असतं हे." मग म्हणाले, "तुम्ही पहिलाच अहवाल माथी मारला असतात ना, तर जन्मभर शिव्या देत बसलो असतो."

"आणि आता?"

"आता कुणाला देऊ? साक्षीदार धडधाकट आहे." दाराशी चपला घालता घालता ते थबकले. "डोक्यात दुसरं एक घोळतंय. झालं की तुमच्याच खोलीत आणीन."

"आणा. ओळख दाखवणार नाही मात्र."

संध्याकाळी ताटावर बसताना नवरा म्हणाला, "आज मान भलतीच ताठ?"

"अण्णा पुढचं औषधही माझ्याकडेच आणणार आहेत."

"पास झालं वाटतं हे?"

"नापास."

नवऱ्याच्या हातातला डाव तसाच अधांतरी राहिला.

"बघताय काय? वाढा की," बाई म्हणाल्या. "सपाटून भूक लागलीय."